विद्या वाटून मोकळा झालेला डॉक्टर
जामखेडच्या डॉ. रजनीकांत आरोळे यांचे स्मरण

डॉक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र उभे राहते. टेबलापलीकडची खुर्ची, गळ्यात स्टेथस्कोप, न वाचता येणारी चिठ्ठी आणि बाहेर बाकावर ताटकळलेली माणसे. दवाखान्याची पायरी चढताना आपल्या आयाबायांचा जीव आधी फीच्या काळजीने आणि मग डॉक्टरच्या दरडावण्याने अर्धा होतो. 'तुला काय कळतंय?' हे वाक्य ऐकले नाही अशी कष्टकरी बाई विरळाच. आज आम्ही ज्या डॉक्टरांची आठवण जागवीत आहोत, त्यांनी सारे आयुष्य हेच वाक्य खोटे ठरविण्यात घालविले. 'बाई, तुला कळते. कळत नसेल ते आम्ही शिकवू. शिकलीस की तू दुसरीला शिकव,' ही त्यांची रीत होती.

हे डॉक्टर म्हणजे जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे. १० जुलै १९३४ रोजी त्यांचा जन्म झाला आणि २५ मे २०११ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी नोकरीतला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी हारतुरे घेऊन घरी बसतो. आरोळे मात्र शहात्तराव्या वर्षापर्यंत काम करीत राहिले. सेवानिवृत्ती हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. डॉक्टरची गरज कमी कमी होत जावी, गावाने आपले आरोग्य आपल्या हाती घ्यावे, यासाठीच त्यांची धडपड होती. स्वतःला निवृत्त करण्याचे काम त्यांनी उमेदीच्या वयातच सुरू केले होते.

लग्नाच्या दिवशीचा शब्द

नगर जिल्ह्यातल्या एका शिक्षकाच्या घरात हा मुलगा वाढला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकायला गेला. तिथेच त्यांची मेबल यांच्याशी ओळख झाली. त्याही डॉक्टर होत होत्या. १९६० साली दोघांचे लग्न झाले. लग्नाच्या वेळी या दोघांनी एकमेकांना एक शब्द दिला : आपले आयुष्य खेड्यातल्या, कुणी न विचारणाऱ्या माणसांसाठी खर्च करायचे.

लग्नात शब्द सगळेच देतात. ते पाळण्याची वेळ संसार सुरू झाल्यावर येते. आरोळे पतिपत्नींनी आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळा येथील मिशन दवाखान्यात काही वर्षे काम केले. दिवसभर रोगी तपासायचे, रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करायच्या. दवाखाना चांगला चालला. पण या कामातच त्यांना एक गोष्ट खुपू लागली. हगवणीने सुकलेले पोर बरे करून घरी पाठवावे, तर काही दिवसांत तेच पोर त्याच दुखण्याने परत येई. घरात पाणी तेच, दारिद्र्य तेच, अज्ञान तेच. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार मुळात व्हायलाच नकोत असे होते. आणि जे सर्वांत गरीब, ते तर दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते.

मग ही दोघे अमेरिकेत गेली. तिथे पुढचे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. असे शिक्षण घेतलेल्या जोडप्याला तिथे काय कमी होते? बंगला, मोटार, डॉलर सारेच मिळाले असते. पण लग्नाच्या दिवशीचा शब्द होता. १९७० साली मुलांना घेऊन ही दोघे परत आली आणि जामखेडला जाऊन राहिली.

जामखेड हे नगर जिल्ह्याच्या (आताचा अहिल्यानगर) टोकाचे तालुक्याचे गाव. एका अंगाला बीड जिल्हा, दुसऱ्या अंगाला सोलापूर. पाऊस बेभरवशाचा. ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, नाहीतर मुंबई-पुण्याची वाट धरायची, हे त्या भागातल्या गरिबाच्या कपाळी लिहिलेले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे अशाच गावांतून बोचके बांधून निघालेले असतील. जामखेडला या डॉक्टरांना जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची. गुराढोरांच्या त्या पडक्या इमारतीत माणसांचा दवाखाना सुरू झाला. त्यातूनच 'समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प' उभा राहिला.

आधी पाणी, मग औषध

सुरुवातीच्या वर्षांतच दुष्काळ आला. १९७२ चा दुष्काळ आमच्या जुन्या पिढीच्या काळजावर कोरलेला आहे. लोकांना गोळ्या-इंजेक्शने नको होती. पाणी हवे होते आणि पोटाला भाकर हवी होती. आरोळ्यांनी डॉक्टरीचा ताठा बाजूला ठेवला. गावोगाव लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेऊन हापसे बसविण्याचे काम हाती घेतले.

आता गोष्ट येते ती मोलाची. गावात विहीर कुठे असते हे आपल्याला कुणी सांगायला नको. ती वरच्या आळीत असते. आपल्या बायकांनी घागर घेऊन लांब उभे राहायचे, कुणाला दया आली तर वरून ओतलेले पाणी घ्यायचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षे उलटली तरी जामखेडच्या खेड्यांत पाण्याची शिवाशिव संपली नव्हती.

आरोळ्यांनी यावर भाषण दिले नाही. भूगर्भातले पाणी शोधणाऱ्या जाणकाराला त्यांनी एवढेच सुचविले की, बोअरची जागा शक्यतो दलित वस्तीत पाहा. पाणी तिथे लागले आणि हापसाही तिथेच बसला. मग सवर्णांच्या बायका हंडे घेऊन आमच्या वाड्यात येऊ लागल्या. दुष्काळात तहान लागलेल्या माणसाला हापशाची जात विचारायला सवड नसते. ज्या वस्तीकडे पाठ करून गाव चालत होते, त्या वस्तीच्या दारात गाव रांगेत उभे राहिले. हक्क मागायला आपण तळ्यावर गेलो होतो. इथे पाणीच आपल्या अंगणात आले.

दुसरी युक्ती खेळाची. गावात सभा घ्यावी तर दलित मंडळी लांब कडेला बसत. म्हणून संध्याकाळी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू झाला. चेंडू कुणाच्या हातून कुणाच्या हाती जाईल याला जातीचा हिशेब नसतो. खेळाच्या निमित्ताने सगळ्या आळ्यांतले तरुण एकत्र आले. त्यांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे बायकांची महिला मंडळे निघाली.

शाळा न पाहिलेल्या बाया डॉक्टरांच्या जोडीला

गावात राहून काम करायला शिकलेल्या नर्सबाई मिळत नव्हत्या. आल्या तरी टिकत नव्हत्या. एकटीदुकटी परकी मुलगी खेड्यात राहणार कशी? तेव्हा गावातलीच बाई निवडावी, तिलाच शिकवावे, असा विचार पुढे आला. गावाने निवडून दिलेल्या या बाया कोण होत्या? बहुतेक निरक्षर. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी चार पोरांची आई. त्यांतल्या कितीतरी दलित. ज्यांना घरात किंमत नव्हती आणि गावात नाव नव्हते, अशा बायांना 'गाव आरोग्य सेविका' म्हणून शिकविण्याचे काम डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत यांनी सुरू केले.

दर आठवड्याला दोन दिवस या बाया जामखेडला येत. एकत्र बसत, एकत्र जेवत, एकाच छताखाली झोपत. वाचता येत नसले तरी कान होते, डोळे होते, पाठांतर होते. आज शिकलेले गावात जाऊन करून पाहायचे आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचे, अशी ती शाळा. बाळंतपण स्वच्छ कसे करावे, नाळ कशाने कापावी, गोवर कसा ओळखावा, क्षयाच्या रोग्याने गोळ्या मध्येच का सोडू नयेत, कुष्ठरोग हा शाप नसून औषधाने बरा होणारा आजार आहे, हे सारे त्या शिकल्या.

या जागी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. अनेक गावांत बाळंतपण करणारी सुईण महार-मांगाचीच असे. मूल जन्माला घालायला तिचा हात चाले. मूल बाहेर आले की तोच हात विटाळाचा ठरे. घाण काढायला ती, आणि काम झाल्यावर अंगावर पाणी शिंपडून घर शुद्ध करायचे तेही तिच्यापासून. आरोग्य सेविका झालेली दलित बाई मात्र त्याच घरात वेगळ्या पायाने शिरली. तिच्या पिशवीत निर्जंतुक ब्लेड आणि दोरा होता, आणि डोक्यात ज्ञान होते. सून अडली की तिला बोलावणे येई. 'आधी हात धुवा, मग बाळाला घ्या' असे ती पाटलाच्या घरातही सांगू शकत होती. सवर्ण घरातली बाई तिचे ऐकत होती, कारण ऐकल्यावर पोर जगत होते.

पोरे जगली, हे आकडेच सांगतात. १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. १९९३ पर्यंत हा आकडा विसाच्या आसपास आला. वाचकहो, हे केवळ अंक नव्हेत. दर हजारामागे दीडशेहून अधिक आयांची कूस रिकामी होण्यापासून वाचली, असा त्याचा अर्थ आहे. आणि हे मोठे इस्पितळ बांधून झालेले नाही. स्वच्छ पाणी, वेळेवर लस, गरोदरपणी पोटभर जेवण आणि शेजारची एक शिकलेली बाई, एवढ्या भांडवलावर ते झाले.

१९८८ साली जामखेडच्या सेविका मुक्ताबाई पोळ यांना अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत बोलायला बोलावले. झुंबरांनी लखलखणाऱ्या त्या दालनात त्यांनी सांगितले की, मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत. सुंदर, पण महाग आणि हाताला न येणारे. मग त्यांनी वातीचे साधे दिवे काढून एका दिव्याने दुसरा पेटवून दाखविला. आम्ही अशा आहोत, असे त्यांचे सांगणे होते. झुंबर दुसरे झुंबर पेटवीत नाही. दिवा मात्र दुसरा दिवा लावतो. जगभरच्या डॉक्टरांसमोर खेड्यातल्या बाईने असे बोलावे, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र आरोळ्यांना कोणते हवे होते?

घरातली ओंजळभर विद्या

त्या सेविका जे सांगत, त्यातले काही आजही प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. पोराला हगवण लागली की पाणी बंद करायचे, ही आपल्याकडची जुनी आणि घातक समजूत. पोर दगावते ते हगवणीने कमी, अंगातले पाणी आटल्याने जास्त. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवावे. ते पाणी थोडे थोडे पाजत राहावे. मीठ जास्त पडू देऊ नये. दवाखान्यात जलसंजीवनीची पुडी मिळाली तर उत्तमच. अंगावरचे दूध थांबवू नये, जेवणही बंद करू नये. पोर सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठावा.

बाळंतिणीचे पहिले पिवळसर घट्ट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकू नये. बाळाला ते रोगांपासून राखते. गरोदर बाईने कमी खाल्ले की बाळंतपण सोपे जाते, हीही खुळी कल्पना. त्याने आई खंगते आणि बाळ अशक्त जन्मते. नाळेवर राख, शेण, हळद असले काही लावू नये. या गोष्टींना पैसा लागत नाही. त्या जिला ठाऊक आहेत तिने शेजारणीला सांगाव्यात, एवढेच लागते.

संसार आणि कार्य एकाच चुलीवर

थोर माणसांच्या चरित्रात बायको बहुधा शेवटच्या पानावर येते. 'त्यांना घरून मोलाची साथ लाभली' एवढ्यावर तिची बोळवण होते. आरोळ्यांच्या घरी हिशेब वेगळा होता. मेबलताई साथ देणाऱ्या नव्हत्या, बरोबरीने काम करणाऱ्या होत्या. रोगी दोघांनी तपासले, सेविका दोघांनी शिकविल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. जामखेडच्या अनुभवावरचे पुस्तक १९९४ साली आले, तेही दोघांच्या नावाने. गावातल्या पुरुषांना 'बायकोला मान द्या' असे डॉक्टर सांगत, तेव्हा त्यांच्याच घरात ते दिसत होते. म्हणून त्या शब्दाला वजन होते.

सप्टेंबर १९९९ मध्ये मेबलताई गेल्या. जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार आणि एकच ध्यास. अशा जोडीतला एक गेल्यावर दुसरा खचतो. डॉक्टर मात्र पुढली जवळपास बारा वर्षे त्याच जामखेडात, त्याच बायांमध्ये काम करीत राहिले. त्यांची मुलगी डॉक्टर झाली आणि आईबापांच्या कामात उतरली. मुलानेही तेच काम हाती घेतले. आईबाप रात्रंदिवस लोकांसाठी झटत असले की पोरांना त्या कामाचा राग येतो, असे पुष्कळ घरांत होते. इथे पोरांनी ते काम आपले मानले. मायेने वागविल्याशिवाय असे घडत नाही. कुटुंबवत्सल माणूस म्हणजे स्वतःच्या चार भिंतींपुरता जगणारा, असा आपला समज आहे. आरोळ्यांनी कुटुंब सोडून समाजसेवा केली नाही आणि समाज सोडून कुटुंबही सांभाळले नाही. घराचा उंबरठाच त्यांनी रुंद केला.

१९९० साली सरकारने डॉक्टरांना पद्मभूषण दिले. परदेशांतले डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यांना शिकविणाऱ्यांत अंगठा उठविणाऱ्या बायाही होत्या, हे विशेष.

जे उरले आहे ते

स्मरणलेखात सगळे गोडच लिहायचे असा प्रघात आहे. तो पाळणे आम्हाला योग्य वाटत नाही. एका डॉक्टरच्या कामाने तालुक्यातली जात संपली, असे कुणी समजू नये. याच जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा मानला गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. आपल्या वाड्यातल्या हापशाचे पाणी गाव प्यायला लागले, बाळंतपणाला आपल्या बाईला बोलावू लागले, तरीही जातीचे विष पुरते उतरलेले नाही. डॉक्टर रोग ओळखून देतो, काही अंशी बराही करतो. पण पथ्य सबंध गावाने पाळायचे असते, आणि कायद्याची लढाई समाजालाच लढावी लागते.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. २००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि गावोगाव 'आशा' नेमल्या. गावातल्याच बाईच्या हाती आरोग्य सोपवावे, हा विचार जामखेडसारख्या प्रयोगांनी आधीच सिद्ध करून दाखविला होता. पण त्या आशाताईला सरकारने पगारी कर्मचारी न मानता मानधनावर राबविले. २०२१ आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. कोरोनाच्या साथीत घरोघर फिरलेल्या या बाया आपल्याच वस्त्यांतल्या लेकी-सुना आहेत. दिवा दिव्याला लावतो हे खरे, पण दिव्यालाही तेल लागते. ते तेल मागणे हा त्यांचा हक्क आहे आणि आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. आज आपल्या समाजातली मुले-मुली डॉक्टर होत आहेत. आईने धुणीभांडी करून, बापाने गिरणीत किंवा रेल्वेत राबून त्यांना शिकविले आहे. त्यांनी चांगले कमवावे, चांगल्या घरात राहावे, यात गैर काही नाही. आमचे मागणे एवढेच आहे की, वस्तीतली एखादी म्हातारी समोर येऊन बसली तर 'तुला काय कळतंय' हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडून निघू नयेत. महिन्यातला एखादा रविवार विहारात किंवा समाजमंदिरात बसून पाच बायांना रक्तदाब मोजायला, साखरेचा आजार ओळखायला, गरोदर बाईची धोक्याची लक्षणे समजून घ्यायला शिकवावे. त्या पाचजणी पुढे पंचवीसजणींना शिकवतील. विद्येवर कुणा एकाचा पहारा असला की काय होते, ते आपण पिढ्यान् पिढ्या भोगले आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे यांनी विद्येवर पहारा ठेवला नाही. जी विद्या त्यांनी वेल्लोरला आणि अमेरिकेत मिळविली, ती जामखेडच्या मातीत बसलेल्या निरक्षर बायांच्या ओटीत टाकली आणि ते मोकळे झाले. त्या बायांच्या हातांवर जन्मलेली पोरे आज बापे झाली आहेत, आया झाल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळांना या डॉक्टरचे नावही ठाऊक नसेल. आपल्या मुलाबाळांना ते ठाऊक असावे, म्हणून हा लेख आम्ही लिहिला. घरात सर्वांनी मिळून वाचावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा, ही विनंती.